पिवळ्या चौकटीतली सिगारेट

माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि हट्टात त्यांना हरवेल असा माणूस मलेशियातल्या इपोह शहरात अजून जन्मायचाय. तिथे एका कॉफीच्या दुकानाच्या वर त्यांची खोली आहे. खाली चार मित्र, वर गाणाऱ्या पक्ष्याचा पिंजरा आणि मधे अठ्ठावीस पायऱ्या, एवढा त्यांचा संसार. आई गेल्यापासून माझा थोरला भाऊ वाइ सान माझ्या मागे लागला होता की पांना, म्हणजे वडिलांना, सिंगापूरला तुझ्याकडेच ठेवून घे, तुझ्याकडे लिफ्ट आहे.

गेल्या महिन्यात पा आठवडाभर माझ्याकडे आले, तर त्याच रात्री वाइ सानचा फोन. "लान, उद्या त्यांना दिवसभर चालव. दर अर्ध्या तासाने बसायला लागले, तर समज, पायऱ्या त्यांच्याच्याने होत नाहीत. मग खोली विकून टाकू." फोनचा आवाज मोठा होता. पा शेजारीच संत्रं सोलत बसले होते. त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि काहीच ऐकलं नाही असं दाखवलं.

सकाळी सातला ते बूट घालून दारात उभे. "चल. सगळं शहर पायी बघायचं. बस नको, ट्रेन नको."

कोपऱ्यावरच्या दुकानात शिरून त्यांनी सिगारेटचं पाकीट मागितलं. आमच्याकडे पाकिटांवर सडलेल्या अवयवांचे फोटो असतात. दुकानदाराने फुप्फुसवालं पुढे केलं.

"फुप्फुस नको. पाय आहे का? पाय द्या. ते बघून चालायला हुरूप येतो."

मी कपाळावर हात मारला. जित्याची खोड, दुसरं काय! मी शाळेत गणित शिकवते, आणि नियम मोडलेला मला स्वप्नातही चालत नाही. या शहरात सिगारेट ओढायची तर छपराखाली नाही, बागेत नाही, दारापासून आणि बसथांब्यापासून पाच मीटरच्या आत नाही. साध्या वेशातले अधिकारी फिरत असतात आणि दंड जबर असतो. म्हणून मी फोनवर नकाशा उघडला आणि वडिलांना शहर दाखवण्याऐवजी दिवसभर सिगारेट ओढण्यासाठी पिवळ्या रंगाने आखून दिलेल्या चौकटी दाखवत फिरले.

पहिली चौकट चायनाटाउनच्या बाजारामागे, कचऱ्याच्या पिंपांशेजारी. आम्ही जेमतेम वीस मिनिटं चाललो असू. पा चौकटीत शिरले आणि कठड्याला टेकले. मला त्या धुराची लहानपणापासून शिसारी. मी दहा पावलं लांब, पाठ फिरवून, पुढची चौकट शोधत उभी राहिले.

"मस्त!" पाच मिनिटांनी ते ताजेतवाने होऊन बाहेर आले. "आता देऊळ दाखव."

देवळाच्या दारात पोचेपर्यंत त्यांना पुन्हा तलफ आली. मग देऊळ त्यांनी मागच्या गल्लीतून पाहिलं. संग्रहालयाची मालाचे ट्रक लागायची बाजू पाहिली. मोठ्या हॉटेलचं नुसतं धुणं न्यायचं दार पाहिलं. त्या दिवशीच्या माझ्या प्रत्येक फोटोत पांच्या मागे राखेचा डबा आहे.

"पा, लोक सिंगापूर पुढून बघतात हो!"

"पुढून काय, सगळेच नटलेले असतात. घर कसंय ते मोरीत कळतं."

नदीकाठी चौकट सापडेना, तेव्हा एका मोकळ्या कोपऱ्यात राखेचा डबा दिसला. पण जवळच एक दार होतं. मी दारापासून पावलं मोजायला लागले. एकदा मोजलं, पटेना, पुन्हा मोजलं. पा एका खांबाला टेकून शांतपणे बघत होते.

"पावणेपाच भरतात," मी म्हटलं.

"नीट मोज, घाई नको. मला काही घाई नाही."

आणि मी मूर्ख, तिसऱ्यांदा मोजलं!

दुपारी चिकन-राइस खाल्ला, तेव्हाच काय ते आम्ही बसलो. तेही मला भूक लागली म्हणून, असं त्यांनी बजावून सांगितलं. पुढच्या चौकटीपाशी त्यांनी नाक मुरडलं. "ही चौकट बरी नाही."

"का? डबा आहे, चौकट आहे, माणसं ओढतायत."

"टेकायला काही नाही."

"तुम्हाला सिगारेट ओढायचीय की पलंग हवाय?" मी फिस्कारले. ते जरा जास्तच मोठ्याने हसले. तेव्हा मला ते कळायला हवं होतं.

चार वाजता आम्ही फोर्ट कॅनिंगच्या टेकडीशी आलो. वर दीपस्तंभ आहे, म्हणून मी उत्साहाने पायऱ्या चढायला लागले. निम्म्यावर मागून आवाज आला, "लान, सिगारेट."

"इथे नाही! ही बाग आहे. बागेत सक्त मनाई आहे."

"जवळची चौकट?"

"खाली उतरून, रस्ता ओलांडून."

पांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चेहरा घामाने डबडबला होता, आणि मला मेलीला वाटलं, ही नशेची तडफड.

"पा, दहा मिनिटं दम निघत नाही? या वयात लाज वाटायला हवी! वाइ सानला मी काय सांगू?"

ते पायरीवर बसले. खिशातून सिगारेट काढून त्यांनी नुसतीच ओठांत धरली. तेवढ्यात वरून बागेची रखवालदार बाई आली. हिरवा गणवेश, डोक्याला रुमाल, हातात वॉकीटॉकी. माझी पाचावर धारण बसली.

"अंकल, इथे सिगारेट चालत नाही."

"पेटवलेली कुठंय?"

"मग लायटर ठेवा आत."

"आतच आहे."

"कुठे?"

पांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचे दोन्ही. मग, उगाच, मोजाही. लायटर नव्हता, काडेपेटीही नव्हती. बाईने वाकून त्यांच्या ओठांतली सिगारेट पाहिली आणि तिच्याबरोबर मीही पाहिली. मधे मोडलेली, टोकाशी चावून चोथा झालेली, तंबाखू सांडत असलेली. शेजारी पाकीट उघडं पडलं होतं. त्यात एकाच सिगारेटची जागा रिकामी होती.

सकाळपासून ती एकच सिगारेट होती.

बाई माझ्याकडे बघून हलकंच हसली. "बसा अंकल, निवांत. या बागेत बसायला मनाई नाही." आणि ती खाली निघून गेली.

मीही बसले.

"कधी सोडलीत?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. चवच लागेना."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं नाही." त्यांनी पायावर पडलेला तंबाखू झटकला. "ओढणाऱ्या बापाला पोरं शिव्या देतात, लान. दमलेल्या बापाची खोली विकतात. मला शिव्या परवडतात."

ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं त्यांनी, आणि लपवलं तेही कुणापासून? दिवसभर त्यांच्यासाठी पाच मीटर मोजणाऱ्या मुलीपासून. मला रडू आलं आणि त्याच वेळी इतकं हसू आलं, की वर जाणाऱ्या पर्यटकांनी आम्हाला वळसा घातला.

"पायऱ्या होतात का तुमच्याच्याने? खरं सांगा."

"होतात. चौदा होतात. मग थोडं थांबलं, की उरलेल्या चौदा होतात. पण मधे थांबलेलं कुणी पाहिलं, की फोन जातो तुझ्या भावाला."

दीपस्तंभ आम्ही पाहिलाच नाही. संध्याकाळी वाइ सानचा फोन आला. मी आयुष्यात खोटं बोललेले नाही. पण परीक्षेत विचारलं तेवढंच लिहायचं, हे मीच मुलांना शिकवते.

"बसायला लागले का?"

"जेवताना बसलो. टेकडीवर एकदा बसले. एरवी उभेच. अकरा वेळा थांबलो. सिगारेट, सिगारेट, सिगारेट!"

"अकरा?" तो वैतागला. "म्हातारा सुधारायचा नाही. म्हणजे पाय धड आहेत म्हण की."

"दादा, खोली विकायची नाही. मी त्यांच्याबरोबर जाते आणि डॉक्टरला दाखवते. त्याने नाही म्हटलं, तर मग बोलू."

शेजारी पा संत्रं सोलत होते. या वेळी त्यांनी अर्धं मला दिलं.

इपोहच्या डॉक्टरने हृदय तपासलं, गुडघे दाबले, गोळी लिहून दिली आणि सांगितलं, चढा, पण सावकाश. मग मी जिन्याला कठडा बसवून घेतला. चौदाव्या पायरीपाशी रुंद वळण आहे. तिथे खालच्या दुकानातली एक खुर्ची आणून ठेवली, तिच्याशेजारी राखेसाठी कॉफीचा रिकामा डबा, आणि खुर्चीभोवती पिवळ्या रंगाने चौकट आखली. मोजून, काटकोनात.

रंग वाळल्यावर पा खालून निघाले. चौदा पायऱ्या चढले, खुर्चीत बसले, आणि मोडकी सिगारेट ओठांत धरून ऐटीत चौकटीकडे पाहू लागले. त्यांच्या मागून मी बाजाराच्या दोन पिशव्या घेऊन चढत होते. मला एकोणपन्नासावं लागलंय आणि घरी लिफ्ट आहे. चौदाव्या पायरीवर माझ्या छातीचा भाता झाला होता.

पांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"पा, उठा," मी धापा टाकत म्हटलं. "आता माझी सिगारेट."