नेरीनाने टाळी वाजवली नाही

"मावशी, या खेपेला तरी चांगलं लिही," फुल्विया म्हणाली. तिची कॉफी तशीच निवत होती. "बाबांना वाचून दाखवायचंय मला. आता पुन्हा सिनेमा काढणं त्यांच्या हातून होणार नाही. डॉक्टर तर उन्हाळ्याचंसुद्धा बोलत नाहीत."

"बघितल्याशिवाय मी काय सांगू?"

"बघितल्यावर तू खरं लिहिशील, म्हणून तर आत्ता सांगतेय ना!"

नेरीना कोसुत्ताला हसू आलं, पण फुल्वियाच्या चेहऱ्याकडे बघून तिने ते आवरलं. त्रिएस्तेच्या दैनिकात ती कित्येक वर्षं चित्रपट-परीक्षणं लिहीत होती. फुल्वियाचे वडील, दिग्दर्शक लिव्हिओ स्बिझा, नेरीनाचा कॉलेजपासूनचा मित्र. त्याच्या एका सिनेमाला तिने असं झोडपलं होतं, की दोन वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता. मग एका संध्याकाळी वाइनची बाटली घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "शेवट चुकलाच होता."

दुपारी महोत्सवाच्या मोठ्या सभागृहात खेळ होता. जानेवारीतला बोरा, तो बोचरा वारा, अंगावर घेत माणसं आली होती, तरी खुर्च्या भरल्या. सिनेमा सुरू झाला आणि नेरीनाचं मन खट्टू झालं. एक म्हातारा समुद्राकडे बघतो. पुन्हा बघतो. पाठमोरा चालतो. युरोपातल्या सिनेमाला हल्ली गप्प बसायची खोडच लागलीय, असं ती नेहमी म्हणायची. माणसं बोलायची थांबली की महोत्सववाल्यांना त्यात खोली दिसते. लिव्हिओ मात्र त्यातला नव्हता. त्याची माणसं कायम भांडणारी, जेवताना बोलणारी.

आणि मग मध्यंतरानंतर म्हाताऱ्याची बहीण आली. शेजारच्या खोलीत आई शेवटच्या घटका मोजतेय आणि स्वयंपाकघरात हे दोघं पांढरे केस घेऊन घेवड्याच्या सुपावरून भांडताहेत. आई त्यात आंबवलेला कोबी आधी घालायची की नंतर? भांडता भांडता बहिणीच्या हातातला डाव थांबतो. शेजारच्या खोलीतून काहीच आवाज येत नसतो. नेरीनाने चष्मा काढून डोळे पुसले.

दिवे लागले. चाकाच्या खुर्चीतून लिव्हिओला मंचावर आणलं, तसं सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. नेरीना बसून राहिली.

बाहेरच्या दालनात लोक वाकून लिव्हिओच्या गालांचे मुके घेत होते. "अप्रतिम!" "निव्वळ काव्य!" तो मान हलवत होता, लग्नघरातल्या थकलेल्या यजमानासारखा. नेरीना दिसताच म्हणाला, "तू बसून होतीस."

"गुडघे दुखतात रे."

"खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही ते."

फुल्वियाने डोळे वटारले. नेरीनाने त्याच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळाचा पट्टा सैल होऊन तळहातापर्यंत घसरला होता. एक गोड वाक्य बोलून निघून जाणं काही अवघड नव्हतं.

"पहिला भाग तुझा नाही, लिव्हिओ," ती म्हणाली. "इतका वेळ तो समुद्र कशाला बघतो?"

"एकटा पडलाय म्हणून."

"ते मला त्याने पहिल्यांदा बघितलं तेव्हाच कळलं. नंतर तू महोत्सवाच्या निवड समितीला समजावत बसलास."

"मावशी!" फुल्विया ओरडली.

लिव्हिओने हात वर करून तिला थांबवलं. त्याने हळूच विचारलं, "आणि स्वयंपाकघर?"

"आई गेली तेव्हा मी आणि माझा भाऊ पडद्यांच्या रंगावरून भांडत होतो. कुणाला सांगितलं नव्हतं मी हे. इतकं चांगलं तू आजवर काहीच केलं नव्हतंस."

लिव्हिओ सरळ होऊन बसला. "अगं पण समुद्र मोकळा दाखवला नाही, तर स्वयंपाकघर कोंदट कसं वाटेल? सांग ना!"

"वाफेने वाटतं. सुपाच्या वाफेने!"

"काही तरीच!"

माणसं पांगली, तरी दोघं वाद घालत होते.

नेरीनाने तेच लिहिलं, दोन्ही गोष्टी. एक शब्दही मऊ केला नाही. परीक्षण छापून आल्यावर फुल्वियाने तिचा फोन उचलला नाही.

रविवारी बाप-लेक उदिनेला परत निघाले. नेरीना निरोप द्यायला हॉटेलच्या दाराशी गेली. फुल्वियाने गाडी सुरू केली, मान वळवली नाही. मागची काच खाली आली. लिव्हिओच्या मांडीवर पेपर होता.

"तिसरा परिच्छेद साफ चूक आहे."

"कुठला?"

"बहीण उशिरा येते म्हणतेस. अगं, बहिणी उशिराच येतात! लवकर आली असती तर भांडली कशाला असती?"

"लवकर आली असती तर जास्त भांडली असती."

"तुला दिग्दर्शनातलं ओ का ठो कळत नाही!" त्याने पुढच्या सीटवर मूठ आपटली. वारा गाडीत शिरत होता, पेपर फडफडत होता. तो बोलतच राहिला.

फुल्वियाने आरशात पाहिलं. बापाचे गाल लाल झाले होते. तिने किल्ली फिरवून गाडी बंद केली, स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून मागे वळून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून, समोर बघत बसून राहिली.