आण्णासाहेबांच्या गाडीचा एसी

त्या आठवड्यात तिसऱ्यांदा चाँदपाशा धाराशिवातलं आपलं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान बंद ठेवून सकाळी सहाला ढोकीला, आण्णासाहेबांच्या अंगणात येऊन बसला, आणि तिसऱ्यांदा गाडीचा एसी असा झक्कास चालला की त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. बिघाड शोधणाऱ्याला चालत्या यंत्रासारखा दुसरा वैरी नाही. रात्रभर कण्हणारं माणूस डॉक्टरपुढं टुणटुणीत होतं, तशातली ही गाडी.

तीस वर्षं त्यानं वायरी सोलण्यात घालवली होती. कारखान्यावरचे उसाचे ट्रॅक्टर, वडापच्या जीपा, पुढाऱ्यांच्या गाड्या, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. डिझेलच्या गाडीचा एसी बिघडला तर पट्टा बघावा, कॉम्प्रेसरला कान लावावा, निम्मं निदान तिथंच होतं. या बॅटरीवरच्या गाडीला पट्टा नाही, आवाज नाही, आणि आत हात घालायचा तर रबरी मोजे चढवून, जबर विजेच्या नारिंगी वायरींपासून जीव राखून. मोठ्या हौसेनं तो पुण्याला पंधरा दिवस राहून हे काम शिकून आला होता, गाडीतले आकडे वाचणारा स्कॅनर घेऊन आला होता. आणि दुकानात आलेल्या पहिल्याच बॅटरीच्या गाडीनं त्याची अब्रू चव्हाट्यावर आणली होती.

महिन्यातनं दोन-तीन दिवस एसी बंद पडायचा. गाडी दुकानात आणेपर्यंत आपोआप चालू. त्यानं फ्यूज तपासले, रिले बदलले, गॅस बघितला. लातूरच्या कंपनीच्या सेंटरवाल्यांनी तर बघितलं न बघितलं आणि कॉम्प्रेसरच बदला म्हणून सांगितलं, तो यायला दोन महिने. म्हणजे उन्हाळा संपल्यावर.

आणि सगळा प्रश्नच उन्हाळ्याचा होता. आण्णासाहेबांची बायको कडूबाई, हिच्या किडन्या निकामी झालेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार लातूरला डायलिसिस. दिवसाला पाणी ठरलेलं, अर्धा तांब्या, वर घोटभरही नाही. भर दुपारी, बेचाळीस डिग्रीत परत यायचं आणि घशाला कोरड पडली तरी प्यायचं नाही. त्या बाईला गार वारा हेच पाणी होतं. म्हणूनच पुण्याच्या मुलानं, उत्कर्षनं, ही गाडी घेऊन दिली होती. मागच्या महिन्यात असाच एसी बंद होता, तेव्हा परतीच्या वाटेवर मुरूडजवळ तिला चक्कर आली आणि ती सीटवरच आडवी झाली. तेव्हापासून चाँदपाशाला झोप नव्हती.

"गाडी धुता का रोज?" असं त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"पाण्याचा थेंब लावत न्हाय," आण्णासाहेब म्हणाले होते. "कोरडं फडकं मारतो निस्तं."

आजही कडूबाई काकू निघायच्या तयारीनं मागच्या सीटवर बसल्या होत्या. एसी चालू, स्कॅनर लावलेला, गॅसचा दाब अगदी बरोबर. तेवढ्यात आण्णासाहेब घरातून हळदीकुंकू, लिंबं आणि नारळ घेऊन आले. अमावास्या होती. अमावास्येला गाडीपुढं नारळ फुटतो, हे चाँदपाशा कळत्या वयापासून बघत आला होता. त्याच्या दुकानापुढंही फुटायचे. त्यानं मान वर केली नाही. आण्णासाहेबांनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, सगळं पाणी गाडीच्या समोरच्या जाळीवर मनोभावे ओतलं, डोळे मिटून काही पुटपुटले, आणि खोबऱ्याचा तुकडा चाँदपाशाच्या हातावर ठेवून हात धुवायला आत गेले.

खोबरं चावता चावता त्याची नजर स्कॅनरवर गेली. दाबाचा आकडा एकदम चढला, उतरला, परत चढला. मग कॉम्प्रेसर थांबला. चाँदपाशाचं तोंडही थांबलं.

त्यानं बॉनेट उघडलं. जाळीमागं एसीच्या नळीवर अंगठ्याएवढा सेन्सर असतो, गॅसचा दाब मोजून गाडीला कळवणं एवढंच त्याचं काम. त्याच्या सॉकेटचं रबर फाटलं होतं, आतल्या पिना गंजून हिरव्या पडल्या होत्या, आणि त्यांवरून नारळाचं पाणी ठिबकत होतं. त्या पाण्यात क्षार, त्यातून वीज पळणारच. सेन्सर भलतंच सांगणार आणि गाडी एसी बंद करणार. दोन दिवसांनी वाळलं की पुन्हा सगळं आलबेल.

चाँदपाशाचं टाळकं सरकलं. आण्णासाहेबांचा राग आला, सेंटरवाल्यांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. रोजच्या बघण्यातली गोष्ट म्हणून त्यानं ती बघितलीच नव्हती. आणि गाडी धुता का, असं विचारल्यावर नारळाचं पाणी कोण सांगणार?

"येऊ द्या त्यांना बाहेर," तो पुटपुटला. "आता सांगतोच."

"काय सांगतूस?" काकूंनी मागच्या खिडकीतून विचारलं.

"काकू, ह्या नारळाच्या पाण्यानं तुमचा एसी बंद पडतोय."

"मला ठावं हाय."

चाँदपाशानं बॉनेटमागून डोकं बाहेर काढलं.

"दुसऱ्या अवसंलाच ध्यानात आलं माझ्या," त्या म्हणाल्या. "नारळ फुटला की वारं बंद."

"अवो, मग बोलायचं न्हाय व्हय? तिकडं चक्कर येऊन पडलात, इकडं मी येड्यावाणी रिले बदलतोय. काय म्हणावं तुम्हाला?"

"हळू बोल. डॉक्टर मशीन लावतूय, पोरानं गाडी दिली. ह्यांच्या हातात काय हाय माझ्यासाठी? त्यो एक नारळ. त्याच्याच पाण्यानं मला चक्कर आली असं कळलं, तर त्यो माणूस परत घास खाईल का?"

चाँदपाशाचा राग गेला नाही. उलट दुणावला, फक्त काढायचा कुणावर ते कळेना. त्यानं पिना घासल्या, स्प्रे मारून वाळवल्या, सॉकेटला रबरी टेप गच्च गुंडाळली. कॉम्प्रेसर चालू झाला.

आण्णासाहेब हात पुसत आले. "घावलं का काय?"

"घावलं. एका सॉकेटचं रबर फाटलं होतं. आता टेप मारलीय, सोमवारी नवं बसवतो."

"तीन महिनं एका रबरापायी? अन् ते तुला दिसलं न्हाय? पुण्याला जाऊन शिकून आलास म्हणं. ही वाटंत पडली, ती तुझ्यापायी."

सणसणीत उत्तर अगदी जिभेवर होतं. काकू काचेतून त्याच्याकडं बघत होत्या.

"व्हय, आण्णासाहेब," तो म्हणाला. "माझ्याच नजरंतनं सुटलं."

"मग."

"अजून एक. पुढच्या अवसंला नारळाचं पाणी चाकावर ओता."

"आता पूजाबी तूच शिकव मला."

"काकूला नेतंय-आणतंय ते चाकच की. त्याला कोण विचारतंय?"

आण्णासाहेबांनी वाकून चाकाला हात लावला. "हे बाकी खरं हाय," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

लिंबं चिरडत गाडी फाटकाबाहेर पडली. काकूंनी काच वर केली, डोक्यावरचा पदर मागं सारला आणि गार वाऱ्यापुढं तोंड धरून डोळे मिटले. आण्णासाहेब आता लातूरपर्यंत भेटेल त्याला सांगणार होते, चाँदपाशाला बॅटरीच्या गाडीतलं ओ की ठो कळत नाही. सांगू देत. गाडी वळणापलीकडं गेल्यावर त्यानं त्या दोघांना मिळून एक कचकचीत शिवी हासडली, आणि सामान आवरायला घेतलं.