गाठ धरण्याआधी

केक मेंदूच्या आकाराचा होता. गुलाबी क्रीमच्या वळ्या, मधोमध खाच आणि त्यात खोचलेली प्लास्टिकची सुई. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तुकडा कापला, बोटाला लागलेलं क्रीम चाटलं आणि नव्या लसीत पैसे घालायला आलेल्या पाहुण्यांना म्हणाले, "आता सुरी लागेल ती फक्त केकला!"

पाहुणे खदखदून हसले. साहेबांच्या हाताखाली काम करणाऱ्या तिने आपली बशी बाजूला सारली. असे मेंदू ती रोज कापायची, उंदरांचे. पण त्यांची कधी किळस वाटली नव्हती.

लस मेंदूतल्या गाठीवरची होती. शरीरातल्याच पेशींना गाठ ओळखायला शिकवायची आणि तिच्यावर सोडायचं. साहेबांच्या आलेखातले लस दिलेले उंदीर टुणटुणीत जगले होते. आकडा एकही खोटा नव्हता. फक्त त्या उंदरांना लस टोचली होती ती मेंदूत कर्करोगाच्या पेशी सोडल्या त्याच दिवशी, गाठ धरण्याआधी. माणूस दवाखान्यात येतो तो गाठ घेऊनच. म्हणून तिने नव्या उंदरांमध्ये आधी गाठ चांगली वाढू दिली, मग लस दिली. एकही वाचला नाही.

"आग लागण्याआधी पाणी ओतायचं आणि म्हणायचं, आग विझवली," ती सकाळीच साहेबांना म्हणाली होती. "एवढं एक वाक्य पाहुण्यांना सांगा."

"तुझे उंदीरच रोगट होते," साहेबांनी टायची गाठ सारखी केली. "आणि लग्नघरात कोणी नवरीच्या खोडी सांगत बसतं का?"

पण टीव्हीवरची साहेबांची मुलाखत मावशीने पाहिली होती. आई गेल्यावर हिला वाढवणारी मावशी. तिच्याच डोक्यात आता सुपारीएवढी गाठ होती. ऑपरेशन करायचं की लसीसाठी थांबायचं, हे आज दवाखान्याला कळवायचं होतं, आणि मावशीने थांबायचं ठरवलं होतं. हिने परोपरीने समजावलं, तर म्हणे, "तू जन्माची रडतराऊ. तुझ्यापेक्षा तुझ्या साहेबांना जास्त कळतं."

केक वाटला जात असतानाच तिचा फोन वाजला.

"अगं, कळवू ना दवाखान्यात, ऑपरेशन नको म्हणून?" मावशीने विचारलं. "माझं डोकं म्हणजे काय नारळ आहे, फोडायला?"

"मावशी, साहेब इथेच आहेत. त्यांनाच विचार."

तिने फोन साहेबांसमोर धरला. पाहुणे कौतुकाने बघू लागले. साहेबांनी हातातली बशी खाली ठेवली, फोन घेतला आणि हसत हसत म्हणाले, "बोला, आजी!"

पलीकडून मावशी बराच वेळ बोलत राहिली. साहेबांचं हसू हळूहळू सुकलं. ते खिडकीकडे वळले, पाहुण्यांकडे पाठ केली आणि आवाज अगदी खाली आणला. जवळ उभ्या असलेल्या तिलाच ऐकू आलं.

"नाही हो आजी, थांबू नका. ऑपरेशन करूनच घ्या. लगेच. लसीचं अजून काही खरं नाही."

म्हणजे उंदीर रोगट नव्हते, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आतापर्यंत तिला वाटत होतं, हा माणूस स्वतःच्या आलेखावर भाळलाय. भाळलेल्या माणसाची कीव तरी करता येते.

साहेबांनी फोन परत दिला आणि तोंडभर हसत पाहुण्यांकडे गेले. "बघा, लोक किती आशेने वाट बघताहेत आपल्या लसीची!"

फोन क्रीमने बरबटला होता. तो कानाला न लावता तिने जरा लांबच धरला.

"किती सज्जन माणूस गं," मावशी सांगत होती. "खरं ते सांगितलं. घेते बाई ऑपरेशन करून. नाहीतर तू! नुसती त्यांच्या नावाने खडे फोडतेस."

"हो, मावशी. आत्ता कळव दवाखान्यात."

तिने नळाखाली हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. मग ती पाहुण्यांच्या टेबलाशी आली आणि साहेबांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"केक नको," ती म्हणाली. "साहेब आत्ता फोनवर काय म्हणाले, तेवढं सांगते."