भट्टीची वीज

महिपती गजभिये यांनी आठवडाभर खपून लिहिलेलं चार पानी टिपण मालकांनी दोन बोटांत उचललं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाले,

"ही बाजू जास्त पटली मला."

केबिनमध्ये तिसरं कुणी नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं. गोपाळकृष्ण सहस्रबुद्धे नारायण पेठेत वाढलेले. माणसाला मारायला आवाज कशाला चढवावा लागतो, असं मानणाऱ्यांपैकी. मांजरीजवळची ही फौंड्री त्यांनी तीस वर्षांत एका पत्र्याच्या शेडपासून चार भट्ट्यांपर्यंत आणली होती. भट्ट्या विजेवर चालत आणि वीज बोर्डाची. बोर्डाची कंपनी होऊन दहाएक वर्षं लोटली होती, पण बोर्ड म्हणायची सवय ना मालकांची गेली होती, ना महिपतींची.

नव्या कायद्याने मोठ्या कारखान्यांना मुभा दिली होती, वीज हवी त्याच्याकडून घ्या. तारा त्याच, खांब तेच, विकणारा तेवढा दुसरा. एका खासगी कंपनीने युनिटमागे सव्वा रुपया कमी भाव देऊ केला होता आणि तो एकतीस मार्चपर्यंतच बांधलेला होता. बोर्डाची ना हरकत तेवढी हवी होती.

"पलीकडच्या पार्कातली आयटीची पोरं दर सहा महिन्यांनी मोबाइलची कंपनी बदलतात," मालक म्हणाले. "आपण तीस वर्षांत एकदा विजेची बदलतोय. त्यात तुम्ही मला गरिबाच्या कंदिलाची गोष्ट काय सांगता?"

"कंदिलाची नाही साहेब. कारखाने जास्त दर भरतात, म्हणून खालच्या माणसाला कमी दरात मिळते. मोठे ग्राहक निघून गेले की तो भार त्याच्याच डोक्यावर बसणार. आज आपण, उद्या शेजारचे."

"अरे वा. म्हणजे तीस वर्षं मी दानधर्म करत होतो आणि मलाच माहीत नव्हतं." मालकांनी टिपण टेबलावरून सरकवून परत दिलं. "गजभिये, पगार इथला घेता आणि गाणं बोर्डाचं गाता. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. अर्ज पंधरा तारखेच्या आत गेला पाहिजे. तुम्हीच करा. त्या हापिसाची खडान्‌खडा माहिती तुम्हाला आहे, म्हणून तर निवृत्तीनंतर तुम्हाला इथे घेतलं."

हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

महिपतींचं गाव भंडाऱ्याकडचं. गावात वीज आली तेव्हा ते पाच वर्षांचे होते. खांब वेशीपर्यंत आले आणि थांबले, कारण बौद्धवस्ती वेशीच्या पलीकडे होती आणि गावाने खांब मागितले होते ते वेशीपर्यंतच. पुढली अकरा वर्षं वस्तीने गावातले दिवे लांबून पाहिले. मग एक दिवस बोर्डाचा एक किरकोळ अंगाचा इंजिनियर सायकलवरून आला. पारावरच्या मंडळींनी त्याला अडवून बरंच ऐकवलं. तो म्हणाला, "कुणाच्या दारात खांब उभा राहायचा हे कागदावर ठरलंय, पारावर नाही." महिना उलटायच्या आत वस्तीत दिवे लागले. सोळा वर्षांच्या महिपतींनी त्या दिवशीच ठरवलं, नोकरी करायची तर या हापिसात. पुढे चौतीस वर्षं केली. ते देव मानत नसत, बोर्डाला मानत.

धाकटी बहीण मुक्ताबाई अजून त्या वस्तीतच होती. दोन दिवे, एक पंखा आणि शिलाई मशीनची मोटर एवढ्यावर तिचं घर चाले. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता.

"दादा, बिल लई येऊन राह्यलं रे. तुह्या हापिसात सांगून पाह्य ना कोनाले."

आपण आता त्या हापिसात नाही, हे त्यांनी तिला चौथ्यांदा सांगितलं होतं. ती हो म्हणाली होती आणि पुन्हा तेच बोलली होती.

अर्जाचं काम महिपतींनी हाती घेतलं आणि त्यांची खरी पंचाईत झाली. वाईट काम करणं त्यांना येतच नव्हतं. भट्ट्यांच्या जोडणीचा नकाशा त्यांनी स्वतः काढला. पाच वर्षांची बिलं, प्रतिज्ञापत्र, मीटरचा तपशील, सगळं क्रमाने लावलं, पानांवर आकडे घातले, वर अनुक्रमणिका जोडली. मनात नसताना केलेलं काम इतकं नेटकं उतरावं, याचा त्यांना स्वतःचाच संताप आला.

शेवटी ग्राहक क्रमांकाचा रकाना राहिला. बारा आकडे. सातवा चार. महिपतींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि चारच्या जागी नऊ लिहिलं.

अर्जावर एक क्रमांक आणि जोडलेल्या बिलांवर दुसरा, असा अर्ज परत येतो. परत आलेला अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी लागतो. तोवर एप्रिल उजाडणार आणि बांधलेला भाव सुटणार. मालक म्हणतील म्हातारा झाला, काढा याला. म्हणू देत. ते उठून नळावर गेले आणि हाताला काही लागलं नव्हतं तरी हात धुऊन आले. चौतीस वर्षांत असा आकडा त्यांनी एकदाही लिहिला नव्हता.

मालकांनी न वाचताच सही केली.

"तुम्ही बघितलंय ना? मग मी काय बघायचं!"

टोमण्याची सवय झालेल्या माणसाला हा विश्वास फार जड गेला.

पंधरा तारखेनंतर महिपती रोज दुपारी स्वागतकक्षात जाऊन टपाल चाळत. वीस तारीख गेली, पंचवीस गेली. अर्ज परत आला नाही. सत्तावीस मार्चला सकाळी फाटकातून बोर्डाची जीप आत आली. जीपमधून दोन मीटर तपासनीस उतरले आणि त्यांच्यामागून सोनाली तापकीर. महिपतींच्या हाताखाली ही मुलगी नवखी म्हणून आली होती, आता त्यांच्याच जुन्या खुर्चीवर उपकार्यकारी अभियंता होती. तिने भर अंगणात वाकून नमस्कार केला.

"नवा मीटर सील करायला आलोय सर. म्हटलं, सरांकडे मी स्वतः जाते."

"ना हरकत निघाली?"

"परवाच. सर, गंमत सांगते. कारकुनाने अर्ज परत पाठवायला काढलाच होता. ग्राहक क्रमांकात चारचं नऊ झालेलं. मी म्हटलं, अरे, हे गजभिये सरांचं अक्षर आहे, घाईत झालं असेल. तुम्ही आम्हाला मोठ्या ग्राहकांचे नंबर पाठ करायला लावायचात, बिघाडाचा फोन आला की फाइल शोधत बसायचं नाही म्हणून. मला अजून सगळे पाठ आहेत. जागेवरच दुरुस्त केलं."

तपासनीसांनी मीटरची खोली उघडली. आतून भट्टीची घरघर वाढल्यासारखी वाटली.

"एवढा मोठा ग्राहक जातोय सोनाली. काही वाटलं नाही तुला?"

"वाटून काय करायचं सर? ग्राहकाला चकरा मारायला लावायच्या नाहीत, हे तुम्हीच तर शिकवलंत." ती हसली. "आणि अर्ज काय सुरेख केलाय! बाकीच्यांचे चार चार वेळा परत जायचे. तुमच्या अर्जाची प्रत काढून आम्ही खिडकीवर ठेवलीय, नमुना म्हणून. आता कुणाचाच परत जात नाही."

"किती आले?"

"या बारा दिवसांत? सोळा."

महिपतींना एकदम मुक्ताबाईची मोटर आठवली. इतकी वर्षं नीट काम करत आल्याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. समोर ही मुलगी शाबासकीची वाट पाहत उभी होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

"चांगलं केलंस," ते म्हणाले.

सील लागलं. सोनालीने संयुक्त तपासणीचा अहवाल जीपच्या बॉनेटवर पसरला आणि पेन पुढे केलं. महिपतींनी खिशातून स्वतःचं काढलं, आकडे वरपासून खालपर्यंत तपासले आणि खाली सही करायला लागले.

"सर," सोनाली हळूच म्हणाली, "ती जागा बोर्डाची. ग्राहकाची उजवीकडे."

महिपतींनी अर्धी झालेली सही खोडली, नियमाप्रमाणे खोडलेल्या जागी आद्याक्षरं लिहिली आणि उजवीकडे सही केली.