मिरीचा गुन्हा

मिरी घरातून गेली तर घरातल्या कर्त्या चष्मेवाल्यांचा फायदाच फायदा होता. सोफ्याचा कोपरा परत मिळणार, सकाळची झोप वाढणार आणि पाहुण्यांसमोर मान ताठ राहणार. तोटा एकच: लेक बोलणं टाकेल. पण तिने ते कालपासूनच टाकलं होतं, म्हणजे तोही सोसून झालेला.

मिरी ही लेकीने वाढवलेली कुत्री. गुन्हा असा, की कोणी आलं की ती त्याच्या पायाला पुढच्या पायांनी मिठी मारायची आणि कंबर हलवू लागायची. काल तिने थोरल्या मुलाच्या सासऱ्यांचा पाय धरला. सासरे हसले, विहीणबाईंनी छताकडे पाहिलं आणि चष्मेवाल्यांनी चप्पल उचलून मिरीला दोनदा हाणली. पाहुण्यांची पाठ वळताच त्यांनी आपल्या गोदामाच्या रखवालदाराला फोन केला, "घेऊन जा. बांधूनच ठेव."

"आधी डॉक्टरांना दाखवा," बायको म्हणाली. "दुसऱ्याच्या गळ्यात दुखणं कशाला बांधायचं?"

"आई, बाबांना सांग, मीपण येणार," लेक भिंतीकडे बघून म्हणाली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मिरीला नीट तपासलं. लघवीचा त्रास नाही, खाज नाही.

"मग हा वाह्यातपणा कसला?" चष्मेवाले खालच्या आवाजात म्हणाले. "बरं, ही मादी. त्यात नसबंदीचं ऑपरेशनही झालंय."

"मादीही करते, ऑपरेशन झालेलीही करते. दर वेळी त्यात तुम्ही समजता ते नसतं. खेळात करतात, आनंदात करतात, गडबडून गेल्यावरही करतात. ही कधी करते?"

"घंटा वाजली की," लेक म्हणाली. "बाबा ओरडतात, आई धावते, पाहुणे हसतात. सगळे हिच्याकडेच बघतात."

"म्हणजे आधीच भांबावलेली, त्यात भरलेलं नाटकगृह."

"पण चारचौघांत शोभतं का?" चष्मेवाल्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"आल्यापासून चौथ्यांदा पुसताय. स्वच्छ आहे तो."

"सवय आहे हो. जरा अवघडल्यासारखं झालं की..."

"तिच्याकडे चष्मा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लेक हसली. चष्मेवाल्यांचा हात रुमालासकट हवेतच राहिला.

उपाय साधा निघाला. घंटा वाजली की मिरीला तिच्या चटईवर बसवायचं, चघळायला खेळणं द्यायचं. तरी तिने पाय धरलाच, तर हसायचं नाही, ओरडायचं नाही. शांतपणे बाजूला न्यायचं आणि दुसऱ्या कामाला लावायचं. मारायचं तर नाहीच, त्याने धास्ती वाढते. रखवालदाराला चष्मेवाल्यांनी दवाखान्याच्या पायरीवरूनच नकार कळवला.

"बाबा, मिरीला मी धरते, तुम्ही गाडी काढा," लेक म्हणाली. ती थेट त्यांच्याशी बोलली होती.

सवय काही एका दिवसात सुटली नाही. अधूनमधून एखाद्या पाहुण्याचा पाय सापडायचाच. पण पुढच्या खेपेला सासरे आले तेव्हा मिरी खेळणं चघळत चटईवर बसून होती. चष्मेवाल्यांनी मात्र दोनदा चष्मा पुसला. त्यांना कोणी चप्पल मारली नाही.

मंडळी, मुक्या जनावराच्या वागण्याला आपल्या मनातला अर्थ चिकटवण्याआधी जाणत्या माणसाला विचारावं. या घरात शेवटी सगळ्यांचं भागलं: बापाला लेक मिळाली, लेकीला मिरी, पाहुण्यांना पाय मोकळे. हिशेब फक्त एकीचा राहिला. लाज माणसांची, गैरसमज माणसांचा. चपला तेवढ्या मिरीने खाल्ल्या.