पाटीतलं 'नाही'

अन्यायाविरुद्ध ताठ मानेने उभं राहण्याचा क्षण प्रत्येकाच्या आयुष्यात एकदा तरी येतो, आणि त्या क्षणी माणूस कसा वागतो यावरच त्याची खरी किंमत ठरते. निवृत्त मुद्रितशोधकांच्या आयुष्यात हा क्षण आला तेव्हा मान ताठ होती ती पंख्याची.

उभा पंखा होता, नवाकोरा. मान फिरवत खोलीभर वारा द्यायचा, असा दुकानदाराचा दावा होता. दुसऱ्याच आठवड्यात पंख्याने मान बायकोच्या खुर्चीकडे वळवली आणि तिथेच धरली. कट् कट् आवाज यायचा, पण नजर हलायची नाही. मुद्रितशोधक समोरच्या कोपऱ्यात घाम पुसत बसत आणि कोणी परका गृहस्थ आपल्या बायकोकडे टक लावून बघतोय, असं त्यांना वाटत राही.

तरीही पंखा बिघडला त्या दिवशी त्यांना झाला तो आनंदच. त्याला कारण साडू.

साडूने मागे एक बिघडलेला मिक्सर दुकानातून बदलून आणला होता. मिक्सर जुना होऊन गेला, पण गोष्ट ताजीच राहिली. बारसं असो की बारावं, बायकोची थोरली बहीण ती सांगायचीच. "आमच्या ह्यांनी दुकानदाराला तोंडावर सुनावलं," अशी सुरुवात असे. मग साडूने दुकानात ऐकवलेलं ते वाक्य शब्दन् शब्द येई, आणि साडू सुपारी कातरत खाली बघत हसे. ते हसू मुद्रितशोधकांच्या छातीत कुसळासारखं रुतून बसलं होतं. परत येताना वाटेत बायको म्हणे, "भाऊजींचं बाई कामच वेगळं." आपल्या नवऱ्याबद्दल ती "ह्यांना नाही जमायचं" एवढंच म्हणे, आणि तेही मायेने म्हणे, म्हणून जास्त लागे.

मुद्रितशोधकांना आयुष्यात एकदाच, तिच्या तोंडून, तिच्या बहिणीसमोर, "आमच्या ह्यांनी" हे दोन शब्द ऐकायचे होते. पण त्यासाठी घरात काहीतरी बिघडायला हवं. त्यांनी इस्त्री तासभर तापवून पाहिली, घड्याळाला कान लावला, दिवे उगाच लावले-विझवले. सगळ्या वस्तू मेल्या इमानेइतबारे चालत होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरात चुका शोधलेल्या माणसाच्या घरात एकही चूक सापडू नये, हा त्यांना साडूचाच कट वाटे. म्हणून पंख्याची मान अडकली तेव्हा त्यांनी तिला हातसुद्धा लावला नाही. न जाणो, सुटायची.

दुकान तेच होतं, साडूच्या पराक्रमाचं. साडूचा एक शब्दही वापरायचा नाही, असं ठरवून मुद्रितशोधकांनी स्वतःचं भाषण पाठ केलं, पंखा रिक्षात घातला आणि वाटभर त्याची मान वारा लागून फिरू नये म्हणून धरून बसले.

दुकानदार जाडजूड आणि शांत माणूस होता. गल्ल्यामागे बसून त्याने आधी पंखा पाहिला, मग पावती पाहिली आणि सुस्कारा टाकला. सुस्कारा तडजोडीचा होता. "ठेवा तिकडे," तो म्हणाला. इथेच काम झालं असतं. पण मुद्रितशोधकांची नजर त्याच्या डोक्यावरच्या पाटीवर गेली. चिकटवलेल्या लाल अक्षरांत तिथे लिहिलं होतं: 'विकलेला माल परत घेतला जाणार'.

पुढे काहीच नव्हतं. देवानेच हातात दिल्यासारखं ते वाक्य होतं. त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि गप्प राहायचं, बस. पण सवय वाईट. अपुरं वाक्य दिसलं की ते पुरं केल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"तुमच्या पाटीत एक शब्द गळलाय," ते म्हणाले. "शेवटी 'नाही' हवं."

दुकानदाराने वळून पाहिलं. अरेच्चा, म्हणून तो खाली वाकला आणि गल्ल्याच्या पायाशी धुळीत पडलेलं 'नाही' त्याने उचललं, फुंकलं, स्टुलावर चढून जागच्या जागी चिकटवलं. मुद्रितशोधकांनी खालून ते जरा डावीकडे घ्यायलाही सांगितलं. उतरून हात झटकत दुकानदाराने फार नम्रपणे विचारलं, "आता काय वाचता?"

मुद्रितशोधकांनी घसा खाकरून भाषण काढलं. प्रस्तुत पंख्याच्या ग्रीवेतील गतिदोष, असं ते सुरू झालं. दुकानदाराने, पंख्याला ताप आलाय का, असं विचारलं. भाषण तिथेच बसलं. दुकानदाराचं बोट पाटीकडे होतं, पंखा बंद असूनही दुसरीकडेच बघत होता, आणि रिकाम्या हाताने घरी गेल्यावर बायको मायेने काय म्हणेल ते मुद्रितशोधकांना आधीच ऐकू येत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि साडूचं वाक्य स्वल्पविरामासकट म्हणून टाकलं.

"पाटी तुमची, पण कायदा सगळ्यांचा. माल खराब निघाला तर तो नीट करून द्या, बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. पाटी लावून हक्क जात नसतो."

दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. "हे मी ऐकलंय," तो म्हणाला. "एक बाई आल्या होत्या मिक्सर घेऊन. अगदी हेच म्हणाल्या. वर म्हणाल्या, आमचे हे आत आले तर तुम्हाला जड जाईल."

"आणि ते हे?"

"बाहेर. स्कूटर धरून उभे. मी बघितलं तर मान फिरवली."

बोलता बोलता त्याने नव्या पंख्याचं खोकं पुढे सरकवलं होतं, पण मुद्रितशोधकांचं तिकडे लक्षच नव्हतं. इतक्या वर्षांचं कुसळ आपसूक निघालं होतं. 'आमच्या ह्यांनी' हा कर्ता व्याकरणातला होता, दुकानातला नव्हता! रिक्षात ते एकटेच हसले. घरी गेल्या गेल्या हे बायकोला सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. मग त्यांच्या लक्षात आलं की सांगितलं तर आपण तिथे कोणतं वाक्य वापरलं, हेही सांगावं लागेल. आणि पाटीचं तर विचारायलाच नको. खोकं त्यांनी मांडीवर जरा घट्ट धरलं.

घरी नवा पंखा लागला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सगळ्यांना सारखा वारा दिला. बायकोने लगेच बहिणीला फोन लावला. मुद्रितशोधक वर्तमानपत्र उलटं धरून बसले.

"ताई, ऐक तर," बायको म्हणाली. "आमच्या ह्यांनी ना..."

ते दोन शब्द आले. मुद्रितशोधकांनी वर्तमानपत्र हळूच खाली केलं. समोर पंखा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, नाही नाही अशी मान हलवत होता.

बायकोने फोनवर हात ठेवला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तेवढं त्याचं ते फिरणं बंद करून तोंड माझ्याकडे करून ठेवता का? पहिल्याचा वारा बरा लागत होता."