नणंदेनं पाहिलेलं हृदय

वहिनी तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. दिवसभर बोलून बोलून घसा बसला तरी घरी येऊन पुन्हा बोलायची. तिची नणंद बरोबर उलट. मोठ्या इस्पितळात पोटातल्या बाळांची हृदयं तपासणारी डॉक्टर, पण घरी आली की मूग गिळून बसायची. दोघींचं भांडण कधी झालं नाही, कारण भांडायला लागतं तेवढंही बोलणं त्यांच्यात होत नसे. वहिनी मुद्दाम तिला जुन्या चालीवर 'वन्सं' म्हणायची आणि वर अगं-तुगं करायची. नणंद फक्त भुवई उचलायची.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी वहिनीला दिवस गेले. पाचव्या महिन्यात घराजवळच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून हृदयाचे चारही कप्पे दाखवले. "कप्पे छान आहेत," ते म्हणाले, "पण वरच्या रक्तवाहिन्यांबद्दल माझं समाधान होत नाही. मोठ्या इस्पितळात फीटल इको करून घ्या. सोनोग्राफीच असते, फक्त बाळाच्या हृदयाची, खूप बारकाईनं."

मोठं इस्पितळ म्हणजे नणंदेचंच. नवरा कामासाठी परगावी होता, म्हणून दुसऱ्या दिवशी वहिनी सासूबाईंना घेऊन तिथे गेली.

नणंद दारातच म्हणाली, "वहिनी, घरच्या माणसाची तपासणी मी करत नाही. आमच्या मॅडम करतील. पण त्या उद्या येणार आहेत."

"उद्यापर्यंत जीव टांगणीला लागेल माझा. तूच बघ."

"दिसेल तेच सांगेन. गोड करून सांगणार नाही."

"गोड तू कधी बोलली आहेस?"

नणंद चक्क हसली आणि तिनं दार उघडलं.

खोलीत अंधार होता. पडद्याचा उजेड तेवढा भिंतीवर हलत होता. बाळ पाठ वर करून पडलं होतं आणि कण्याची सावली नेमकी हृदयावर येत होती. नणंदेनं वहिनीला उठवून कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, पाणी प्यायला लावलं, डाव्या कुशीवर झोपवलं. तरी बाळ हलेना.

"आत्यावर गेलंय," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "बघावं तेव्हा पाठ फिरवून."

शेवटी बाळ वळलं. नणंदेचा हात पोटावरून केसभर सरकायचा, किंचित तिरका व्हायचा, थांबायचा. पडद्यावर लाल-निळं रक्त धावत होतं. तिनं काही ठोक्यांचं चित्रण साठवून घेतलं आणि ते इवलंसं हृदय मशीनवर फिरवून फिरवून पाहिलं. पाण्यात हातपाय मारणारी कितीतरी मुलं वहिनीनं पाहिली होती. कुठला हात उगाच धडपडतोय आणि कुठल्या हाताला नेमकं काय करायचंय ते ठाऊक आहे, हे तिला लगेच कळायचं. हा दुसऱ्या जातीचा हात होता.

नणंदेनं पोट पुसलं, वहिनीला उठवून बसवलं, दिवा लावला आणि मगच तोंड उघडलं.

"हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात. एक फुप्फुसांकडे जाते, एक सगळ्या शरीराकडे. निघताना त्या एकमेकींना ओलांडतात. बाळाच्या ओलांडत नाहीत. शेजारी शेजारी सरळ वर जातात. दोघींची जागा बदलली आहे."

"परत बघ गं," सासूबाई म्हणाल्या. "चुकलं असेल काही."

"आई, सगळ्या बाजूंनी बघितलंय."

"जगेल ना?" वहिनीनं विचारलं.

"पोटात त्याला काही त्रास नाही. जन्मल्यावर होईल, फुप्फुसांतलं शुद्ध रक्त शरीराला मिळणार नाही. म्हणून बाळंतपण इथेच करायचं. जन्मताच औषध सुरू होईल आणि थोड्याच दिवसांत ऑपरेशन करून वाहिन्या जागच्या जागी लावतील. बहुतेक मुलं यातून चांगली बरी होतात. पण ऑपरेशन मोठं आहे, ते लपवणार नाही."

वहिनी रडली. नणंद तिच्यासमोर स्टूल ओढून बसली. वहिनी तेच तेच विचारत राहिली आणि ती दर वेळी तितक्याच शांतपणे उत्तर देत राहिली. घरी महिनाभरात बोलली नसेल इतकं त्या दुपारी ती बोलली.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्वतः तपासलं. "यात मला काही बदलायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

मुलगी झाली. रडली आणि बघता बघता तिचे ओठ निळे पडले. पण कुणाची धावपळ झाली नाही. जो तो आपल्या जागी तयार उभा होता, औषधही तयार होतं.

ऑपरेशनच्या दिवशी नणंदेला आत काही काम नव्हतं. ती बाहेर बाकावर भाऊ आणि वहिनीच्या मध्ये बसली होती. सर्जन बाहेर आले तेव्हा तीच आधी उठली.

"छान झालं," ते म्हणाले. "उघडल्यावर नवीन काही सापडलं नाही. इकोच्या चित्रात होतं अगदी तसंच."

"ते चित्र हिनं काढलंय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मुलीनं."

"ठाऊक आहे, आजी. त्याच्यावरच भिस्त ठेवून आत गेलो होतो."

नणंद खाली बघत होती. तिचे कान लाल झाले होते. वहिनीनं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढे काही महिन्यांनी वहिनी लेकीला दाखवायला इस्पितळात आली होती. लेक गुबगुबीत झाली होती आणि आईच्या खांद्यावर लाळ गाळत होती. इकोच्या खोलीबाहेर एक बाई पोटावर हात ठेवून बसली होती. तिनं हळूच विचारलं, "आतल्या डॉक्टर कशा आहेत हो?"

"कमी बोलतात," वहिनी म्हणाली. "पण दिसेल ते सगळं बघतात आणि सगळं सांगतात." मग तिला राहवेना. लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेत ती म्हणाली, "माझी नणंद आहे ती. सख्खी."